डोळे मिटा, लागलं की सांगा

सगळ्यात आधी कमलताईंचं नाव लिहितो. कमल वानखेडे. मूळच्या अकोल्याकडच्या, राहायला गाझियाबादला आणि नोकरीला दिल्लीतल्या एका सरकारी दवाखान्यात, कातडीच्या विभागात. त्या डॉक्टर नाहीत, नर्सही नाहीत. रोग्याच्या हातापायाला कुठे कळतं आणि कुठे कळत नाही ते तपासायचं, वाकायला लागलेली बोटं सरळ ठेवायचे व्यायाम शिकवायचे, हे त्यांचं काम. त्यांच्या हुद्द्याला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे, ते मला अजून नीट म्हणता येत नाही. रांगेतले लोक त्यांना "हाथवाली मैडम" म्हणायचे.

माझा उजवा हात आज एवढं लिहितोय तो त्यांच्यामुळे. करंगळी आणि शेजारचं बोट वाकलेलीच आहेत. ती दोन कागदावर घासत जातात आणि मला ते कळत नाही. पण बाकीची तीन माझी आहेत.

मी आठवीत शाळा सोडली. लिहायची सवय नाही. कमलताई म्हणाल्या, "बोलता तसं लिहा. डॉक्टरांनी लिहिलेलं कुणी वाचत नाही, आणि भिंतीवर लिहिलेलं तर नाहीच नाही." म्हणून लिहितोय. ज्याच्या अंगावर न खाजणारा चट्टा आहे आणि जो तो बाहीखाली झाकून कामावर जातोय, त्याने वाचावं.

*

आमच्या सांगलीकडची पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायची. कुठल्याही शहरात जा, सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत भट्टीपुढे आमच्याकडचा कुणीतरी बसलेला असतो. मी सोळाव्या वर्षी करोल बागेत आलो, तात्यांच्या दुकानात. तात्या शेजारच्या गावचे. नात्याने कुणी नाहीत, पण आईने मला त्यांच्या हाती दिलं आणि ते मला घेऊन आले, एवढं नातं पुरतं.

दिवस तेजीचे होते. सोन्यावरची बंधनं उठली होती, गल्लीच्या तोंडाशी काचेची दुकानं उभी राहत होती, आणि आमची भट्टी दुपारच्या जेवणापुरतीसुद्धा विझत नव्हती. पाच जण काम करायचो आणि वरच्या माळ्यावर झोपायचो.

भट्टीवर नवीन माणसाचा हात आधी भाजतो. फोड येतात, कातडी सोलवटते. मग ती जाड होते आणि चटका कमी जाणवायला लागतो. त्याला आमच्यात "हात तयार झाला" म्हणतात. कुणाचा वर्षात होतो, कुणाचा तीन वर्षांत. माझा भट्टीवरच्या सातव्या वर्षी असा तयार झाला की तसा तात्यांचाही नव्हता. सोनं वितळवायच्या गरम मुशीवरचं झाकण मी चिमटा न घेता बोटांनी उचलून बाजूला ठेवायचो. तात्या गिऱ्हाइकाला बोलावून दाखवायचे.

"हमारे लड़के का हाथ देखिए, सेठजी. आग को पसीना आता है."

शेठ हसायचे. मी पुन्हा उचलून दाखवायचो. शाळा सोडल्यापासून मला कुणी कशात पहिला म्हटलं नव्हतं.

एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. तयार हाताला चटका कमी लागतो, पण लागतो. माझ्या त्या दोन बोटांना लागतच नव्हता. आणि तयार होतो तो तळवा. माझी तर मनगटापासून कोपराकडची बाजूसुद्धा, जिथे आग कधी पोचत नाही, तयार झाली होती.

*

त्याच बाजूला चट्टा होता. रुपयाएवढा, जरा लालसर, कडेला उंच. खाजत नव्हता, दुखत नव्हता.

तात्या म्हणाले, नायटा. सदा म्हणून माझ्या गावचाच एक होता, तो म्हणाला गजकर्ण, आमच्या मामाला होतं. खालचा चहावाला म्हणाला, "दाद है भैया, गर्मी की." प्रत्येक नावाची वेगळी ट्यूब मिळायची. मी तिन्ही लावल्या. नाव मिळालं की माणसाला निम्मं बरं वाटतं, तसं मला तीनदा निम्मं बरं वाटलं.

कातडी हा शब्द मला त्याआधी रागावण्यातच माहीत होता. आई चिडली की "कातडी सोलून काढीन" म्हणायची. निर्लज्ज माणसाची ती गेंड्याची. मेलेल्या जनावराचं ते कातडं. दिल्लीत आल्यावर चमड़ी झाली, आणि ती शेठ लोकांच्या म्हणीत असायची, जाईल पण दमडी जाणार नाही. त्वचा मात्र मी टीव्हीत पाहिली. समोरच्या दुकानात केबल आली आणि दिवसभर गोऱ्या बायका गालावरून बोट फिरवत "त्वचा, त्वचा" करायला लागल्या. मला वाटायचं, त्वचा त्यांना असते. आपल्याला कातडी.

आणि तिचा डॉक्टर? आमच्या गल्लीत "चमड़ी का डॉक्टर" म्हटलं की लोक गालात हसायचे. कारण रेल्वेच्या भिंतींवर, मुतारीच्या दारावर त्याच्या नावाखाली कायम जोडीने रंगवलेलं असायचं: चर्म रोग व गुप्त रोग. पहिल्यासाठी गेलात तरी लोक दुसरंच समजणार. तरी मी गेलो एकाकडे. पाटी पाहून दोनदा पुढे गेलो, तिसऱ्यांदा आत शिरलो. त्याने बाही वर करायलाही सांगितलं नाही.

"शादी हुई है?"

"नहीं."

"फिर इधर-उधर जाते होगे."

"नहीं जाता."

"सब यही बोलते हैं," तो म्हणाला आणि पुड्या बांधायला लागला.

त्या लाजेपायी मी पुढचं वर्षभर कुठल्याच कातडीच्या डॉक्टरची पायरी चढलो नाही. माझी दोन बोटं त्या वर्षात गेली.

*

एका सकाळी भट्टीवर बसलो असताना मांस जळाल्याचा वास आला. मी इकडे तिकडे बघितलं, कुणाला भाजलं म्हणून. सदाकडे बघितलं. तो माझ्या हाताकडे बघत होता. माझी करंगळी मुशीला टेकलेली होती.

तात्यांनी हात ओढून पाण्यात घातला. मग म्हणाले, "बोटं सरळ कर बघू." दोन झाली नाहीत. तेव्हा मला कळलं की काही दिवस जेवताना भात बोटांतून का सांडत होता, आणि चिमटा आपोआप का सुटत होता.

"हे काय नायट्याचं काम न्हाय," तात्या म्हणाले. "सरकारी दवाखान्यात जा. मोठ्या."

दवाखान्यातल्या पाटीवर तीन रोग एका ओळीत होते. चर्म, यौन एवं कुष्ठ. तिसरा शब्द मी वाचला, पण तो दुसऱ्या कुणासाठी लिहिलाय अशा समजुतीने वाचला.

चार तास रांग. मग एका खोलीत टेबलामागे काळ्या फ्रेमचा चष्मा लावलेल्या एक बाई. माझा हात त्यांनी उशीवर ठेवला. डॉक्टरांच्या आधी त्यांनी धरला, आणि हातमोजे न घालता धरला, हे मला नंतर आठवलं.

"आँखें बंद कीजिए. जहाँ लगे, वहाँ दूसरे हाथ की उँगली रखिए."

मी डोळे मिटून बसलो. बाहेर कुणीतरी खोकत होतं. पंखा कुरकुरत होता. मी वाट बघत राहिलो. शेवटी स्वतःशीच पुटपुटलो, "सुरू तरी करा."

"झालं," त्या मराठीत म्हणाल्या.

डोळे उघडले. मनगटापासून कोपरापर्यंत आणि दोन बोटांवर बॉलपेनच्या निळ्या ठिपक्यांची रांग होती. वीस-एक ठिपके. त्यातला एकही मला लागला नव्हता.

"कुठले तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मी गावाचं नाव सांगितलं आणि रडायला लागलो. ठिपक्यांचं रडू होतं की मराठीचं, ते माहीत नाही.

डॉक्टरांनी कोपरामागची शीर चाचपली. ती दोरीसारखी जाड झाली होती. ते म्हणाले, "लेप्रसी. समझते हो?" मी मान हलवली, समजत नाही. त्यांनी कमलताईंकडे बघितलं.

"कुष्ठरोग," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "म्हणजे महारोग?"

आमच्या गावात तो शब्द उच्चारला की माणसं थुंकतात, म्हणजे तो तोंडात राहायला नको.

"तो शब्द बाहेर ठेवून यायचा. चपलांबरोबर," कमलताई म्हणाल्या. "इथे औषध आहे. गोळी सुरू झाली की तुमच्यापासून कुणाला लागत नाही. पण जी शीर मेली ती मेली. जी अर्धी आहे ती वाचवायची असेल तर एक दिवस चुकायचा नाही. दोन वर्षं. जमेल?"

परत येताना मला शाळेची भिंत आठवली. तिच्यावर गेरूने लिहिलेलं असायचं: न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा ताबडतोब दाखवा. आम्ही त्यातल्या एकेका अक्षरावर नेम धरून चेंडू मारायचो. "बधिर"चा "ब" माझा आवडता होता.

*

तात्यांना मी त्याच दिवशी सांगितलं. लपवता आलं असतं. पण त्यांनी माझा हात पाण्यात धरला होता, म्हणून सांगितलं.

ते पाटावर बसलेले होते, तसेच मागे सरकले. वीतभर. ती वीत मला अजून दिसते.

"मी तुला हाकलतोय असं समजू नगं," ते म्हणाले. "पर दुकान हाय. चार मानसं हैत. गिऱ्हाइकाला कळलं तर?"

"गोळी सुरू झाली की लागत नाही, तात्या."

"डॉक्टर म्हनतो. डॉक्टर हितं जेवायला बसतोय का?"

तेव्हापासून माझं अंथरूण जिन्याच्या वरच्या वळणावर गेलं. माझं ताट मी वेगळं घासायचो. आणि माझा स्टीलचा पेला खिडकीच्या कट्ट्यावर गेला. कुणी तसं सांगितलं नाही. एका सकाळी तो तिथे होता, आणि पाणी वरून, न टेकता ओतलं जायला लागलं. सदा लहानपणापासून माझ्याबरोबर एका ताटात जेवलेला. तो ओतताना खाली बघायचा.

माझं भट्टीवर बसणं बंदच झालं. मी मालाची ने-आण करायचो. मनात एकच हिशेब चालायचा: हात गेला तर भट्टी गेली, भट्टी गेली तर दिल्ली गेली, आणि वाकडी बोटं घेऊन गावच्या स्टँडवर उतरलो तर कोण मला आपल्या अंगणात उभं करील? आईला पत्रात लिहायचो, तब्येत ठीक आहे. अक्षर का बिघडलंय ते लिहायचो नाही.

*

दर चार आठवड्यांनी गोळ्यांची पट्टी मिळायची, दिवसवार कप्पे पाडलेली. पहिल्या दिवसाच्या गोळ्या कमलताईंसमोर गिळायच्या. लघवी लाल होईल हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, नाहीतर मी त्याच दिवशी औषध सोडलं असतं. कातडी काळी पडेल हेही सांगितलं होतं. ते ऐकणं वेगळं आणि आरशात बघणं वेगळं. चेहरा तांब्याच्या जळक्या भांड्यासारखा झाला. समोरच्या टीव्हीत त्वचा उजळत होती आणि मी तिच्यापुढून मान खाली घालून जायचो.

सहाव्या महिन्यात ताप आला, कोपर ठणकायला लागलं, उरलेल्या बोटांना मुंग्या. मी घाबरून पळत गेलो. भरती करून घेतलं. अठरा दिवस. शेजारच्या खाटेवर मुरादाबादकडचे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांना मुलगा तिथे सोडून गेला होता आणि त्याने फॉर्मवर पत्ता खोटा लिहिला होता. ते मला म्हणायचे, "तुम्हें दर्द होता है? शुक्र करो बेटा. जहाँ दर्द है, वहाँ अभी तुम हो." तेवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून पडायचे.

ताप उतरल्यावर बोटांना मेणाचा शेक द्यायला हवा होता. दवाखान्यातलं मशीन बंद पडलेलं.

"दर रविवारी घरी या," कमलताई म्हणाल्या. "मेण माझ्याकडे आहे."

*

गाझियाबादला तेव्हा नुसत्या इमारतीच उगवत होत्या. दोन बस बदलून, विटांच्या ढिगाऱ्यांमधून विचारत विचारत पोचलो. मे महिना, लू चाललेली, जिभेची साल झालेली. तिसऱ्या मजल्यावर घर. ताईंचे यजमान कुठल्याशा मंत्रालयात होते. त्यांनी दार उघडलं, "या या" म्हणाले. भिंतीवर बुद्धांची तसबीर होती, पुढे मेणबत्ती.

कमलताई पाण्याचा पेला घेऊन आल्या.

आमच्या गावात त्यांच्या समाजाची वस्ती ओढ्यापलीकडे. तिकडचं पाणी आम्ही पीत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, मी फक्त तसं होताना पाहिलं होतं. मी काही ठरवलं नाही. माझा हात पुढे गेलाच नाही.

"तहान नाही," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या फुटलेल्या ओठांकडे बघितलं. पेला टेबलावर ठेवला आणि मेण वितळवायला आत गेल्या.

मेण त्यांनी स्वयंपाकघरातल्याच पातेल्यात वितळवलं. मी आयुष्यभर धातू वितळवलेला माणूस, नजरेने ताव ओळखणारा, पण माझ्या हाताला ताव कळत नव्हता. म्हणून त्यांनी आधी स्वतःचा हात बुडवला. थांबल्या. पुन्हा बुडवला. मग त्याच पातेल्यात माझा धरून बुडवला. वर काढल्यावर दोघांच्या हातावर पांढरा थर होता, सारखाच.

परत आलो तेव्हा माळ्यावर जेवणं चालली होती. खिडकीच्या कट्ट्यावर माझा पेला. उन्हाने तापलेला. मी तो हातात घेतला आणि तसाच उभा राहिलो. मला ती दुपार समजली. उशिरा समजली, पण पूर्ण समजली.

पुढच्या रविवारी पायरीवर चपला काढता काढताच म्हणालो, "ताई, पाणी."

"आज तहान आहे वाटते बाप्पा," त्या म्हणाल्या.

"मागच्या वेळीही होती."

"माहीत आहे मला." पेला माझ्या हातात दिला. "दोन्ही हातांनी धरा. सुटेल."

मी माफी मागायला लागलो तर म्हणाल्या, "माफीने बोटं सरळ होत नाहीत. मूठ वळा. पुन्हा. पुन्हा." त्या विषयावर आम्ही एवढंच बोललो. सव्वा वर्ष मी दर रविवारी गेलो. कधी त्यांचा मूड नसायचा, कधी माझ्यावर ओरडायच्या, एकदा मी तेल लावायचं विसरून बोटाला चीर पाडून घेतली तर मेण गरमच केलं नाही, परत पाठवलं. जेवायच्या वेळेला गेलो तर मात्र ताट मांडायच्या. भात मी चमच्याने खायचो. त्याही चमच्याने खायच्या. यजमान एकदा म्हणाले, "कमल, तू कधीपासून?" त्यांनी माझ्या ताटात आणखी भात वाढला.

*

दोन वर्षांनी माझं कार्ड बंद झालं. रोग गेला. बोटं गेली ती परत आली नाहीत. जेवढं बधिर होतं त्यातलं थोडं जागं झालं, बाकीचं नाही.

आता मी गाझियाबादलाच एका नव्या इमारतीत लिफ्ट चालवतो. ताईंच्या यजमानांनी शब्द टाकला. बटणाला एक बोट पुरतं. दिवसभर वर-खाली करताना माणसं माझ्या हाताकडे बघतात, मग मजल्याच्या आकड्यांकडे बघतात.

कार्ड बंद झाल्यावर एकदाच गल्लीत गेलो, खिशात बॉलपेन घेऊन. तात्यांना म्हणालो, "सगळ्यांचे हात दाखवा. तयार हातवाल्यांचे आधी." सदा हसला, पण बसला. एकेकाला म्हणालो, डोळे मिटा, लागलं की सांगा. शेवटी तात्या बसले. त्यांचा हात मी माझ्या हातात घेतला. ते आखडले, पण ओढला नाही. पेन टेकवलं की म्हणायचे, "लागलं." पुन्हा, "लागलं." प्रत्येक वेळी आवाज जरा मोठा. सगळे ठिपके त्यांना लागले. डोळे उघडून ते कितीतरी वेळ आपल्या हाताकडे बघत बसले. खिडकीच्या कट्ट्यावर माझा पेला नव्हता. कुठे गेला ते मी विचारलं नाही.

गावी गेलो, आईला सगळं सांगितलं. तिने माझी वाकडी करंगळी आपल्या गालाला लावली. तिच्या गालाला ती कळली असेल. माझ्या करंगळीला गाल कळला नाही.

मग मी म्हणालो, "आई, ज्या बाईंनी हात वाचवला त्यांना एकदा जेवायला आणायचंय."

"आन की. देवमानूस म्हनायचं. नाव काय म्हनालास?"

"वानखेडे. अकोल्याच्या." आणि समाजही सांगितला.

आईने करंगळी सोडली नाही. पण जरा वेळाने म्हणाली, "ओसरीवर पानं मांडू की. वारं असतं तिथं."

"ओसरीवर नाही, आई. आत."

ती चुलीतली राख ओढायला लागली. "बघू," एवढंच म्हणाली. त्याला आता वर्ष होत आलं. दर पत्रात मी विचारतो, आणि दर पत्रात पाऊसपाणी, म्हैस, शेजारची बाळंतपणं सगळं असतं, तेवढं नसतं.

कमलताईंना हे मी सांगितलेलं नाही. इथे वाचतील. पुढच्या वर्षी त्या नोकरीतून निवृत्त होऊन अकोल्याला जाणार आहेत. ताई, माझा रोग जायला दोन वर्षं लागली, तेही एक दिवस न चुकता गोळी घेऊन. याला जास्त लागतील. पण मी पत्र चुकवणार नाही. एक दिवस तुम्हाला माझ्या घरी नेईन, आत, आईच्या चुलीसमोर, आमच्या रोजच्या ताटात वाढलेलं असेल, आणि पाण्याचा पेला आई स्वतः तुमच्या हातात देईल. तोवर तुमचं त्या दुपारचं पाणी माझ्याकडे राहिलंय असं समजा.